महिपतीआबांचा डावा कान

पखवाजाला दोन तोंडं असतात आणि दोघांचा स्वभाव निराळा. उजवं तोंड शाईचं. खणखणीत, चारचौघांत पुढं होऊन बोलणारं. डावं तोंड धुमेचं. भिजवलेल्या कणकेचा गोळा त्याच्यावर थापल्याशिवाय ते तोंड उघडत नाही, आणि एकदा उघडलं की समोर बसलेल्या माणसाच्या छातीत जाऊन घुमतं.

करंजवाडीच्या महिपतीआबांनी ही धूम चाळीस वर्षं सांभाळली होती. आंदर मावळात सप्ताह कुठंही असो, आबा काखेला पखवाज लावून पायवाटेनं निघाले की लोक म्हणायचे, चला, आता कीर्तनाला उभं राहायला हरकत नाही. कणीक मात्र घरची लागायची. शालूबाई ती स्वतः मळायच्या. खपली गव्हाचं, न चाळलेलं पीठ. ना सैल, ना घट्ट, कानाच्या पाळीइतकी मऊ. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या गोळा हातावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या, तुमच्या धुमेची न्याहारी."

यंदा माघात गावचा सप्ताह होता. भात झोडून झालं होतं, कणग्या भरल्या होत्या. सकाळी धरणावरचं धुकं उठायला दहा वाजायचे आणि त्या धुक्यातून काकड्याचा आवाज वाडीवाडीवर जायचा. काल्याचं कीर्तन सोमाटण्याच्या प्रेरणाताईंचं ठरलं होतं. वय पस्तिशीच्या आतबाहेर, पण गळा असा की बाईंनी नुसतं ‘रामकृष्ण हरी’ म्हटलं तरी मागच्या रांगेतला विड्या ओढणारा विडी विझवतो. या प्रेरणाताईंनी सप्ताह सुरू व्हायच्या आधी आबांच्या फोनवर एक चाल गाऊन पाठवली, आणि चालीच्या शेवटी निरोप.

"आबा, रामकृष्ण हरी. काल्याला ही नवी चाल घेतेय. ध्रुपद तिसऱ्यांदा म्हटलं की मी थांबणार. तुम्ही थांबायचं, टाळ थांबतील, वीणासुद्धा. सगळं देऊळ गप्प. मग मी माइकापासून तोंड बाजूला करून श्वास घेईन, आणि त्या श्वासाबरोबर तुम्ही समेवर यायचं. मी हात दाखवणार नाही, मान हलवणार नाही. लोकांना वाटलं पाहिजे की देवानंच उचललं. हे जमणारं माणूस मला तुमच्याशिवाय ठाऊक नाही."

आबांनी तो निरोप चार वेळा ऐकला. शेवटचं वाक्य सहा वेळा.

ऐकायला साधन होतं. लोणावळ्यात त्यांची सून कोमल मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. दिवाळीला तिनं सासऱ्याला कानात घालायचे हेडफोन आणले होते. वायरवाले, पुढं दोन बोंडं, बोंडांवर रबराच्या टोप्या. डाव्या बोंडावर तिनं नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. "आबा, लाल ठिपका डाव्या कानात. उलटं नाही घालायचं," असं तिनं बजावलं होतं. आबांनी ते गुरुमंत्रासारखं पाळलं. रोज सकाळी ओटीवर बसायचं, धुमेला कणीक लावायची, बोंडं कानात घालायची आणि ताईंच्या चालीबरोबर हात चालवायचा. कानात ताई, मांडीवर पखवाज. शालूबाईंना मात्र नुसता पखवाजच ऐकू यायचा. त्या गोठ्यातून ओरडायच्या, "अवो, म्हस पान्हा चोरती! जरा हळू वाजवा!"

आठवडा असा गेला. मग एका मंगळवारी ताई डावीकडून दूर गेल्या.

म्हणजे असं, की उजव्या कानात आवाज होता तसाच, पण डाव्या कानात जणू कुणी विहिरीत उतरून गात होतं. आबांनी बोंड दाबलं. फिरवलं. फोनचा आवाज वाढवला, तर उजवा कान किटला आणि डाव्यातली विहीर तेवढीच खोल राहिली. बुधवारी तर विहिरीचंही पाणी आटलं. आबांनी फोनमध्ये बोटं घालून पाहिली. कुठल्याशा पानावर एक आडवी रेघ होती आणि रेघेवर गोल गुंडी. ती डावीकडं सरकवली तर दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरं वाटलं, पण गाडी रुळावर येईना.

आबांनी बोंडं काढून खिशात टाकली. हे त्यांनी आधी पाहिलं होतं.

आबांचे वस्ताद धोंडिबा. हातात साक्षात गणपती. सत्तरी ओलांडल्यावर त्यांचा डावा कान गेला. त्यांना कळलं नाही, आणि ज्यांना कळलं त्यांनी सांगितलं नाही. कीर्तनात पखवाजी बुवांच्या उजव्या हाताला उभा राहतो, म्हणजे बुवा येतात पखवाज्याच्या डाव्या कानाशी. पलीकडच्या गावात एका कीर्तनात बुवा थांबले, टाळ थांबले, आणि धोंडिबा वाजवतच राहिले. साऱ्या देवळात एकटा पखवाज. पोरं फिदीफिदी हसली. शेवटी बुवांनी वळून हात जोडले तेव्हा म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं. त्यांनी पखवाज गळ्यातून काढला, जाजमावर ठेवला, त्याला नमस्कार केला. तो पुन्हा कधी उचलला नाही. त्या दिवशी त्यांच्या शेजारी टाळ घेऊन उभा होता तो पंचवीस वर्षांचा महिपती. त्यानं तिथल्या तिथं मनाशी बांधलं होतं, की आपल्यावर ही वेळ यायच्या आधी आपण आपल्या पायांनी उठायचं.

ती वेळ आता लाल ठिपक्याचं बोंड घेऊन आली होती.

माणसाला एकदा शंका आली की शंकेला पुरावे आपोआप मिळतात. हाका मारणाऱ्या शालूबाई डावीकडं असल्या तर आबा मान वळवायचे आणि मनात म्हणायचे, बघ, वळवावी लागली. गुरुवारी संध्याकाळच्या कीर्तनात त्यांचं सगळं ध्यान हाताऐवजी कानात होतं. तिहाईचा शेवटचा धा अर्ध्या मात्रेनं मागं पडला. कुणाच्या लक्षात आलं नाही. आबांना मात्र देवळातला विठोबासुद्धा आपल्याकडं बघतोय असं वाटलं.

शुक्रवारी सकाळी ते सप्ताह कमिटीच्या सुहासभाऊंकडं गेले आणि म्हणाले, "काल्याला माझ्या ऐवजी सोपानला उभा करा."

सुहासभाऊंचा चहाचा कप तसाच राहिला. "आबा, काय बोलता? ताईंनी तुमचं नाव घेतलंय."

"ताईंना म्या सांगतो. सोपानचा हात चांगला हाय. तरणा हाय. आमी कुटवर पुरायचं?"

खांडगेवस्तीचा सोपान चाळिशीचा गडी. हात भलताच चपळ, पण थोडी मिजास. गेल्या साली त्यानं आबांना ऐकवलं होतं, "आबा, तुमचा ठेका म्हंजी बैलगाडी. आमचा हायवे." आबांनी तेव्हा हसून उत्तर दिलं होतं, "बाबा, हायवेवर देव हात दावतो, पर गाडी थांबत न्हाई." आणि आता त्याच हायवेला ते स्वतःची जागा देऊन बसले होते. ताईंना सांगायचं मात्र जिभेवर येईना. फोन हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे. घरात तर एक अक्षर काढलं नाही. बोललं की खरं होईल, असं काहीसं त्यांना वाटत होतं.

शनिवारी दुपारी शालूबाई परात घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी काला. कणीक रात्रभर मुरलेली बरी, म्हणून त्यांनी पिठात पाणी ओतायला तांब्या उचलला.

"आज कणीक नको," आबा ओटीवरून म्हणाले.

तांब्या तसाच हवेत राहिला. चाळीस वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. आबांना एकदा ताप होता तेव्हा नाही, थोरला आदिनाथ जन्मला त्या दिवशीही नाही.

शालूबाई उठल्या, हात पुसले आणि समोर येऊन उभ्या राहिल्या. "काय झालंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई, तर त्वांड असं का? देवळात बाया कुजबुजत्यात, काल्याला सोपान वाजवणार म्हनून. म्या म्हनलं, तुमी काय भांग खाल्ली का? आता वाटतंय, भांग घरातच घोटली हुती."

मग एकदम, जसं पोरगं फुटलेली पाटी दाखवतं तसं, त्यांनी खिशातून हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "शालू, माजा डावा कान गेला. धोंडिबासारखा."

शालूबाई त्यांच्या शेजारी ओटीवर टेकल्या. धोंडिबांची गोष्ट त्यांना ठाऊक होती. लग्न होऊन या घरात आल्यावर नवऱ्यानं सांगितलेली पहिली गोष्ट तीच होती. क्षणभर त्यांचे डोळे भरले. पण मुळात बाई शेतातली. रडण्याआधी बांध कुठं फुटलाय ते बघणारी.

"कशावरनं गेला?"

"ह्याच्यात डावीकडनं येतच न्हाई."

"माजं बोलनं ऐकू येतंय का?"

"येतंय."

"म्या डावीकडं हाय का उजवीकडं?"

आबांनी पाहिलं. त्या डावीकडं बसल्या होत्या. आबा म्हणाले, "जवळ बसलीस म्हनून. ताईचा श्वास बारीक आसतो."

"द्या हिकडं." शालूबाईंनी पदर मागं सारून बोंडं आपल्या कानांत खुपसली. लाल ठिपका डावीकडं, सुनेनं सांगितल्याप्रमाणं. आबांनी चाल लावून दिली. शालूबाईंनी डोळे मिटले, भुवया वर गेल्या, मग एकच भुवई वर राहिली.

"अवो," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "ही ताई डाव्या बाजूला कणगीत बसून गातीया का?"

"काय?"

"मला बी डावीकडं कमी येतंय! मंग माजा बी डावा कान गेला का? दोगांचा एका आठवड्यात?"

तेवढ्यात शेजारची हिरा, आबांची धाकटी भावजय, विरजण मागायला दारात आली. शालूबाईंनी तिला धरून बसवलं आणि कुठलाही खुलासा न करता तिच्या कानांत बोंडं घातली.

"अगं बया, लय ग्वाड गळा," हिरा म्हणाली. मग डाव्या कानावर दोन चापट्या मारल्या. "पर ह्या अंगाला काय येत न्हाई, जाऊबाई."

"घ्या!" शालूबाईंनी मांडीवर थाप मारली. "तीन मानसं, तीन डावे कान. गावात डाव्या कानाची साथ आली म्हनायची! लावा सुहासभाऊला फोन, दवंडी द्या!"

हिरा घाबरून म्हणाली, "माजा कान गेला? कवा?"

आबांना हसू येईना, रडू येईना. त्यांनी हेडफोन हातात घेतले. लाल ठिपक्याकडं पाहिलं. कोमलनं सांगितलं होतं, उलटं नाही घालायचं. आयुष्यात त्यांनी सांगितलेलं मोडलं नव्हतं, ना वस्तादाचं, ना सुनेचं. आज त्यांनी लाल ठिपका उजव्या कानात घातला आणि उजवं बोंड डाव्यात.

आणि डाव्या कानात प्रेरणाताई आल्या.

विहिरीतून नाही, कणगीतून नाही. सभामंडपात शेजारी उभ्या असाव्यात तशा. ध्रुपद एकदा, ध्रुपद दोनदा, ध्रुपद तिसऱ्यांदा. मग सगळं थांबलं. त्या शांततेत, एखाद्या झोपलेल्या लेकरानं कूस बदलावी इतका बारीक, एक श्वास आला. आबांचा डावा हात आपोआप उठला आणि मांडीवर बरोबर समेवर पडला.

"ऐकू आला," आबा म्हणाले. "शालू, श्वास ऐकू आला. डाव्या कानानं!"

"मंग कान गेला कुणाचा?"

"ह्याचा," आबांनी लाल ठिपक्याचं बोंड वर धरलं. "कान ह्याचा गेलाय!"

शालूबाईंनी विठोबाच्या तसबिरीकडं तोंड करून हात जोडले. मग नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, "पाच दिस जीव जाळलात, आन बायकोच्या कानाला धा मिंटं इचारलं न्हाई. लावा आता कोमलला."

कोमल दुकानातच होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा तिच्या नाकातून हसू सुटलं ते तिनं दाबलं. "आबा, आधी फोन लावायचा ना! बरं. बोंड बदललं तर कमी आवाज बोंडाबरोबर गेला ना? म्हणजे कान शाबूत. वायरची पिन फोनमध्ये पूर्ण बसलीय का बघा, कट्ट आवाज येईपर्यंत. बसलीय? मग आता लाल ठिपकेवाल्या बोंडाची रबराची टोपी हळूच ओढून काढा. आत बारीक जाळी असते. ती कशी दिसतेय?"

शालूबाईंनी चष्मा लावला, बोंड उन्हात धरलं. "जाळी कुटं हाय? हितं तर गिलावा केल्यावानी दिसतंय."

हिरा डोकावून म्हणाली, "शी! कानातला मळ हाय तो."

शालूबाईंनी नखानं कडेचा एक कण काढला. दोन बोटांत चुरला. डोळ्यांजवळ नेला. त्या कणाला तांबूस कोंड्याचा एक बारीक काटा होता. त्यांचा चेहरा असा उजळला की हिरा मागं सरकली.

"मळ?" त्या म्हणाल्या. "अगं, ही माजी कणीक हाय! माज्या खपलीचा कोंडा मला आंधारात वळखू येतो."

फोनवर कोमल अशी हसली, की तिच्या दुकानातलं गिऱ्हाईकही विचारू लागलं, काय झालं म्हणून. "आबा! तुम्ही धुमेला कणीक लावून त्याच हातानं बोंड कानात घालत होता?"

आबांनी आपल्या डाव्या हाताकडं पाहिलं, जणू तो परक्याचा होता. डाव्या हातानं धूम, डाव्या हातानं डावं बोंड. उजवा हात कोरडा, उजवं बोंड कोरडं. रोज थोडी थोडी कणीक जाळीत बसली होती आणि वाळून दगड झाली होती. पखवाजाची डावी बाजू ज्या कणकेनं बोलती केली, तिनंच हेडफोनच्या डाव्या बाजूचं तोंड बांधलं होतं.

"मी या जाळीतून मळ काढलाय, तेल काढलंय, चिक्कीचा गूळ काढलाय," कोमल म्हणाली, "पण कणीक पहिल्यांदाच! आता ऐका. पाणी लावायचं नाही. फुंकर मारायची नाही, ती आत जाते. सुई तर अजिबात नाही."

हिरानं हातातली सुई निमूटपणे पदराला परत टोचली.

"कोरा, कोरडा टूथब्रश घ्या. बोंडाचं तोंड जमिनीकडं धरा, म्हणजे निघालेलं खाली पडेल. आणि अलगद घासा. घाई नाही."

ब्रश शालूबाईंनी धरला. कणीक त्यांची, तेव्हा काढायचा मानही त्यांचा. त्या अशा हलक्या हातानं घासत होत्या जशा देवाच्या मूर्तीच्या कानाकोपऱ्यातलं चंदन काढतात. आधी भुरभुर पडली. मग एकाएकी एक वाटोळा पापुद्रा सुटला आणि शालूबाईंच्या तळहातावर टपकन पडला. मागं चांदीसारखी जाळी चमकली.

आबांनी बोंडं कानांत घातली, लाल ठिपका डावीकडं. ताई सुरू झाल्या आणि आबा दचकले. "कोमल! आता उजवा कान गेला! डावीकडं लय जोरात येतंय!"

"आबा, सेटिंगमध्ये कुणी बोट घातलं होतं का?"

आबा खाकरले. "एक गुंडी हुती. म्या जराशी डावीकडं सारली हुती."

"ती मधोमध आणा. अगदी मध्ये."

आबांनी चष्म्यातून बघत, जीभ दातांत धरून, गुंडी मधोमध आणली. आणि दोन्ही बाजूंनी सारखा, भरघोस, कपाळाच्या मधोमध आवाज उभा राहिला. डोक्यातच सभामंडप. आबांनी हेडफोन काढले, सावकाश गुंडाळले, आणि शालूबाईंना म्हणाले, "परात कुटं हाय? मळ की कणीक."

"मळते. पर आदी सोपानकडं जा. शबूद देऊन बसलाय न्हवं?"

हे मात्र अवघड होतं. दिलेली जागा परत मागायची, आणि तीही हायवेवाल्याकडं. आबा बांधाबांधानं खांडगेवस्तीला निघाले. खळ्याजवळ आले तशी पखवाजाची थाप कानावर आली. सोपान सराव करत होता. त्याच्या समोर बाजेवर फोन, फोनमध्ये आबांनीच कालच्याला धाडलेली प्रेरणाताईंची चाल. ध्रुपद तिसऱ्यांदा झालं, ताई थांबल्या, सोपान थांबला. आणि श्वास यायच्या आधीच त्याचा हात पडला. त्यानं दात खाल्ले, पुन्हा लावलं. पुन्हा आधी. तिसऱ्यांदा तर इतका थांबला की ताई पुढं निघून गेल्या.

"थांबता येत न्हाई रं हायवेला?" आबा मागून म्हणाले.

सोपान उडालाच. "आबा! तुमी कवा आला?"

आबांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. कान, बोंड, कणीक, शालूबाई. शेवटी टोपी काढून हातात घेतली. "सोपान, म्या शबूद दिला हुता. कान गेला म्हनून दिला हुता. कान हाय. तवा जागा परत मागाया आलोय. तू न्हाई म्हनलास तर म्या टाळ घीन, तक्रार करणार न्हाई."

सोपाननं तोंड गंभीर केलं. "असं कसं आबा? दिलेला शबूद परत घेता व्हय? चार गावांत सांगून बसलो म्या. नवं धोतर आणलं."

आबांची मान खाली गेली. तसा सोपान पखवाज बाजूला ठेवून उठला आणि त्यांच्या पायांशी वाकला. "आवो, चेष्टा केली! कालधरनं पन्नास डाव वाजवलं आसंल. एकदा सुदीक श्वासावर आलो न्हाई. उद्या भर देवळात माजी फजिती हुणार हुती. तुमचा कान वाचला न्हाई आबा, माजं नाक वाचलं."

"मंग टाळ घीऊन माज्या डाव्या अंगाला हुबा ऱ्हा," आबा म्हणाले. "हाताकडं बघू नगं. ताईच्या खांद्याकडं बघ, आन कानानं ऐक. थांबायचं कसं, ते थांबूनच येतं."

रविवारी धुकं लवकर उठलं. देवळासमोरच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. आंदर मावळातली झाडून सगळी गावं, टाकव्याहून टेम्पो भरून माणसं, पुढं बाया, कडेला म्हातारे, खांद्यावर पोरं. लोणावळ्याहून कोमल पहिल्या गाडीनं आली होती आणि सासूच्या मांडीला मांडी लावून बसली होती. शालूबाईंनी ओल्या फडक्यातला गोळा आबांच्या हातावर ठेवला तेव्हा सोबत एक कोरडं फडकंही ठेवलं. "ही धुमेची न्याहारी. आन हे हात पुसाया," असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

प्रेरणाताई नारदाच्या गादीवर उभ्या राहिल्या. उजव्या हाताला आबा. मागं टाळकऱ्यांच्या दोन रांगा, आबांच्या डाव्या खांद्यामागं सोपान, नव्या धोतरात. ताईंनी काल्याची कथा लावली. गोपाळांच्या शिदोऱ्या, कुणाची भाकर, कुणाचं ताक, कुणाचं नुसतंच मीठ. आणि देव म्हणतो, सगळं एकत्र करा, कुणाचं काय ते कळता कामा नये. माणसं हसत होती, डोळे पुसत होती. मग चाल सुरू झाली.

ध्रुपद एकदा. टाळ रंगले. ध्रुपद दोनदा. आबांचा हात पाण्यासारखा सैल झाला. ध्रुपद तिसऱ्यांदा, आणि ताई थांबल्या.

पखवाज थांबला. टाळ थांबले. वीणेची तार बोटानं धरली. एवढ्या मांडवात एक पोर रडलं नाही, एक बांगडी वाजली नाही. माणसांना वाटलं काही चुकलं. चुळबूळ होणार इतक्यात, माइकापासून तोंड बाजूला करून, देवाकडं मान करून, प्रेरणाताईंनी श्वास घेतला.

मांडवात तो कुणालाच ऐकू आला नाही. एका माणसाला आला.

धूम अशी पडली की मांडवाच्या बांबूवरची कबुतरं उडाली. टाळ, वीणा, दोन हजार टाळ्या आणि ताईंचा वरचा सूर, सगळं एका क्षणी, एका समेवर. कुणी कुणाला खूण केली नव्हती. "विठ्ठल! विठ्ठल!" पुढच्या बाया उभ्या राहून नाचू लागल्या, सुहासभाऊंनी टोपी हवेत फेकली, आणि सोपान टाळ वाजवता वाजवता ओरडला, "आबा! बैलगाडी लागली वो घाटमाथ्याला!" आबांना तेही ऐकू आलं. डाव्या कानानं, स्वच्छ.

ताईंनी गाता गाता उजवीकडं वळून आबांना हात जोडले. धोंडिबांनाही एका बुवांनी असेच हात जोडले होते. आबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. त्यांनी मनात वस्तादाचं नाव घेतलं आणि पुढचं आवर्तन त्याच्या नावानं वाजवलं.

हंडी फुटली. दही, लाह्या, पेरू, लोणच्याची फोड, सगळं एक झालेला काला हातोहात फिरू लागला. आबा पखवाज उतरवून घामाघूम बसले होते. प्रेरणाताई जवळ आल्या, त्यांच्यासमोर वाकल्या आणि म्हणाल्या, "आबा, पुढच्या महिन्यात वडगावला आहे. नवी चाल परवाच गाऊन ठेवलीय. पाठवली बघा."

खरंच, सदऱ्याच्या खिशात फोन वाजला होता. आबांना राहवेना. काल्याचा घास तोंडात टाकून त्यांनी तशाच हातानं खिशातले हेडफोन ओढले. लाल ठिपका कानाशी पोचला, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून, दोन हजार माणसांच्या गलक्यातून, सासू आणि सून एका सुरात ओरडल्या,

"आबा!" "अवो!" आणि मग दोघी मिळून, "आदी हात!"

आबांनी दह्यानं माखलेली बोटं हवेतच थांबवली, बोंडं खाली सोडली आणि हसत हसत कोरडं फडकं शोधू लागले.